फेल्प्सच्या विरुद्ध बोलायला निघालेल्या मुलीस

पुणे ३०

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा, विषय ‘मायकेल फेल्प्स हाच आजवरचा सर्वश्रेष्ठ ऑलिम्पिकपटू’, आणि चिठ्ठी उचलल्यावर तुझ्या वाट्याला आली प्रतिकूल बाजू. शाळेत असल्यापासून भल्या पहाटे टिळक टँकवर पोहायला हजर असणारी तू, कपाटाच्या दारावर जलतरणपटू फेल्प्सचा फोटो, आणि बोलायचं त्याच्याच विरुद्ध. गद्दारी केल्यासारखं वाटतंय, असं लिहिलंयस. फोनवर बोलून भागलं असतं, पण हे निवांत लिहायचं काम आहे. स्पर्धा गणपती झाल्यावर आहे, तेव्हा तुलाही वाचायला आणि विचार करायला सवड आहे.

बाजू बदलून मागू नकोस. ज्याला फेल्प्सचं काहीच वाटत नाही तो त्याच्याविरुद्ध बोलायला उभा राहिला की दोन मिनिटांत त्याला कमी लेखायला लागतो. परीक्षकांपैकी एकाला जरी पोहण्यातलं थोडंफार कळत असेल तर त्याचं भाषण तिथेच संपलं. तुला त्याच्या शर्यती पाठ आहेत. त्याची ताकद नेमकी कुठे आहे हे तुझ्याइतकं समोरच्या दोघांनाही माहीत नसणार, आणि म्हणूनच या बाजूला तूच हवीस.

उभी राहिलीस की आधी त्याचं जे आहे ते त्याला देऊन टाक, हात आखडता घेऊ नकोस. अठ्ठावीस पदकं, त्यात तेवीस सुवर्ण, हे आकडे अनुकूल बाजूने तुझ्याआधी सांगून झालेले असतील. तू आकडे सांगू नकोस, शर्यत सांग. बीजिंग, २००८, २०० मीटर बटरफ्लाय. सूर मारल्यावर गॉगलमध्ये पाणी शिरायला लागलं आणि तलावाच्या शेवटच्या लांबीत त्याला भिंत दिसेना. मग तो हात मोजत पोहला. एका लांबीला आपल्याला किती हात लागतात हे त्याला ठाऊक होतं, त्या हिशेबाने त्याने भिंत गाठली आणि १:५२.०३ असा विश्वविक्रम झाला. दर सकाळी तीच लांबी, तोच टाइल्सचा काळा पट्टा बघत पोहणाऱ्या माणसाला या गोष्टीचं मोल कळतं. सभागृहात बसलेल्या बहुतेकांना ते कळणार नाही, म्हणून तू ते सांगायचंस. त्याच बीजिंगमध्ये १०० मीटर बटरफ्लायला सर्बियाचा मिलोराड चाविच पुढे होता. शेवटी चाविच हात लांब करून भिंतीकडे सरकत गेला, फेल्प्सने अर्धा हात जादा मारला आणि टच पॅड आधी दाबला. ५०.५८ आणि ५०.५९. हे तुझ्या तोंडून आलं की सभागृह तुझ्यावर विश्वास ठेवायला तयार होईल, कारण तू काही लपवत नाहीयेस हे त्यांना दिसेल.

आणि मग विचार: आपण मोजतोय ते नेमकं काय?

त्या तेवीस सुवर्णांपैकी तेरा वैयक्तिक आहेत आणि दहा रिलेची. बीजिंगच्या ४×१०० फ्रीस्टाइल रिलेत पहिल्या लेगला फेल्प्सने ४७.५१ सेकंद अशी उत्तम वेळ दिली. तरी शेवटच्या लेगला फ्रान्सचा आलँ बर्नार पुढे होता. बत्तीस वर्षांच्या जेसन लेझाकने ४६.०६ सेकंदांत १०० मीटर कापून त्याला गाठलं आणि अमेरिका ०.०८ सेकंदाने जिंकली. एका ऑलिम्पिकमधली ती प्रसिद्ध आठ सुवर्णं आठ झाली ती लेझाकमुळे. हे फेल्प्सचं उणं म्हणून सांगू नकोस, तसं केलंस तर ते खोटं होईल. सांग ते एवढ्यासाठी की पदकाचा आकडा एका माणसाच्या श्रेष्ठत्वाचं माप म्हणून वापरायला निघालो की किती लवकर अडतो ते दिसावं.

माझं सगळं म्हणणं असं आहे. खेळाडूपुढे किती दारं उघडी होती आणि त्यातून तो किती वेळा आत गेला, एवढंच पदकांच्या संख्येतून कळतं. बंद दारांचा हिशेब त्या संख्येत कुठेच नसतो. तुझं भाषण या एका मुद्द्यावर उभं कर. बाकी सगळं त्याच्या आधाराला आण आणि जे आधाराला येत नाही ते, कितीही आवडलं तरी, गाळून टाक.

पोहणाऱ्याला एकाच ऑलिम्पिकमध्ये आठ सुवर्णांची संधी असते. (चार प्रकारांनी पोहता येतं म्हणून चौपट पदकं, असला टोमणा मात्र मारू नकोस. बटरफ्लाय आणि ब्रेस्टस्ट्रोक हे अंगाला किती वेगळे पडतात हे तुला मी सांगायला नको.) हॉकीपटूला चार वर्षांतून एकच पदक, तेही सगळ्या संघाबरोबर. ध्यानचंद १९२८, १९३२ आणि १९३६ या तीन ऑलिम्पिकमध्ये खेळले आणि तिन्ही सुवर्णं घेऊन आले. म्हणजे हॉकीत जेवढं मिळवता येत होतं ते सगळं त्यांनी मिळवलं, आणि पदकांच्या यादीत त्यांच्या नावापुढे आकडा दिसतो तीन.

पैलवानालाही एकच. इथे मिहाइन लोपेझचं नाव घे. क्युबाचा ग्रीको-रोमन मल्ल, सगळ्यांत वरचा वजनगट. बीजिंग, लंडन, रिओ, टोकियो आणि २०२४ चं पॅरिस, पाचही ठिकाणी सुवर्ण. एकाच वैयक्तिक प्रकारात सलग पाच ऑलिम्पिक जिंकणारा तो पहिलाच खेळाडू. पुण्यातल्या सभागृहात कुस्ती समजावून सांगावी लागत नाही ही तुझी जमेची बाजू. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात घालायचा नाही, पट काढायचा नाही, पायाने डाव करायचा नाही, एवढं सांगितलंस तरी ज्यांच्या घरात कुणी तालमीत गेलेलं आहे ते पुढे सरकून बसतील. १३० किलोच्या गटातला माणूस फक्त वरच्या अंगाच्या जोरावर उचलायचा आणि फिरवायचा, आणि हे वयाच्या पंचविशीपासून चाळिशी उलटेपर्यंत करत राहायचं. पॅरिसमध्ये अंतिम कुस्ती ६-० अशी जिंकल्यावर लोपेझने बूट काढून मॅटवर ठेवले. मल्लाने बूट मॅटवर ठेवले म्हणजे त्याने कुस्ती सोडली.

समोरची बाजू लगेच म्हणेल, फेल्प्सनेही २०० मीटर वैयक्तिक मेडले, म्हणजे चारही प्रकारांनी पोहायची शर्यत, सलग चार वेळा जिंकली आहे, २००४ ते २०१६. बरोबर आहे, आणि त्यांचा सगळ्यांत भक्कम मुद्दा हाच असणार, अठ्ठावीसचा आकडा नव्हे. त्यांना तो सुचला नाही तर तू आठवण करून देऊ नकोस, पण उत्तर तयार ठेव. जपानच्या काओरी इचोनेही कुस्तीत सलग चार सुवर्णं घेतली, तीही २००४ ते २०१६ याच काळात. आता हे बघ: बायकांची कुस्ती ऑलिम्पिकमध्ये आलीच २००४ मध्ये. दार उघडलं त्या दिवसापासून ती आत गेली आणि चार ऑलिम्पिक कुणाला वाट दिली नाही. फेल्प्सच्या मेडलेचं मोल याने कमी होत नाही. ‘फेल्प्सच’ असं म्हणायचा आधार मात्र सुटतो, आणि प्रतिकूल बाजूला तेवढंच करायचं असतं.

पण नुसतं पाडण्यावर थांबू नकोस. परीक्षक मनात विचारतातच, ‘मग तुमच्या मते कोण?’ तिथे दहा नावं फेकणारा वक्ता मला कधीच आवडला नाही. एकच नाव घे आणि त्यामागे उभी राहा. माझं नाव फॅनी ब्लँकर्स-कोएन. गेली कित्येक वर्षं हा विषय निघाला की मी हेच नाव घेते. का, ते जरा सविस्तर सांगते.

नेदरलँड्सची ही मुलगी अठराव्या वर्षी १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकला गेली. उंच उडीत सहावी आली, रिलेत पाचवी. अमेरिकेचा धावपटू जेसी ओवेन्स याची सही घेऊन परत आली. पुढचं ऑलिम्पिक १९४० मध्ये, म्हणजे ती बाविशीत असताना. ते झालंच नाही. १९४४ चंही झालं नाही. धावपटूची सगळ्यांत जोमाची वर्षं युद्धात गेली, देशावर जर्मनीचा ताबा. त्या काळातही ती धावत राहिली, उड्या मारत राहिली. १९४३ मध्ये तिने उंच उडीत १.७१ मीटर आणि लांब उडीत ६.२५ मीटर असे दोन विश्वविक्रम केले. लग्न झालं, दोन मुलं झाली. १९४८ मध्ये लंडनचं ऑलिम्पिक ठरलं तेव्हा ती तीस वर्षांची होती. मुलं घरी सोडून ही बाई अर्ध्या चड्डीत पळायला निघाली, अशी टीका तिच्यावर झाली. इंग्लंडच्या संघाच्या व्यवस्थापकाने तर ती आता म्हातारी झाली असं म्हणून टाकलं होतं.

लंडनमध्ये तिने १०० मीटर जिंकली. मग ८० मीटर हर्डल्स. अंतिम फेरीत तिची सुरुवात चुकली, वाटेत एका हर्डलला धक्का बसला, आणि शेवटच्या रेषेवर ती आणि इंग्लंडची मॉरीन गार्डनर अगदी बरोबरीने पोचल्या. दोघींची वेळ ११.२ सेकंद. फोटोचा निकाल यायचा होता, तेवढ्यात स्टेडियममध्ये इंग्लंडचं राष्ट्रगीत वाजायला लागलं. फॅनीला वाटलं, आपण हरलो. खरं तर राजघराण्यातली मंडळी स्टेडियममध्ये येत होती म्हणून ते वाजत होतं. सुवर्ण तिचंच होतं. त्यानंतर मुलांच्या आठवणीने ती कोसळली, घरी जाते म्हणाली. नवरा हाच तिचा प्रशिक्षक होता, त्याने समजूत घातली. ती थांबली आणि २०० मीटर ०.७ सेकंदांच्या फरकाने जिंकली. दोनशे मीटरमध्ये ०.७ म्हणजे दुसरी मुलगी चित्रातच नाही. शेवटी ४×१०० ची रिले. तिला बॅटन मिळालं तेव्हा संघ मागे होता, रेषेवर पोचली ती पहिली.

आता बंद दारांकडे बघ. त्या ऑलिम्पिकमध्ये बायकांसाठी धावण्याच्या शर्यतीच चार होत्या: १००, २००, ८० मीटर हर्डल्स आणि रिले. चारही तिने जिंकल्या. त्यातली २०० मीटर तर बायकांना त्याच वर्षी पहिल्यांदा मिळाली. ८०० मीटर १९२८ मध्ये एकदा होऊन बंद झाली होती, ती परत आली १९६० मध्ये. बायकांच्या मॅरेथॉनला १९८४ उजाडावं लागलं. आणि एका बाईला वैयक्तिक शर्यती तीनच घेता येतील असा नियम होता, म्हणून ज्या दोन उड्यांचे विश्वविक्रम तिच्या नावावर होते त्यांत ती उतरलीच नाही. लंडनमध्ये उंच उडीचं सुवर्ण १.६८ मीटरला गेलं. लांब उडीचं ६ मीटरच्याही आतल्या उडीला. तिचे विक्रम मी वर लिहिलेच आहेत. हे शांतपणे वाचून दाखव. आवाज चढवायची गरज पडणार नाही.

चार सुवर्णं. एवढाच आकडा, आणि तो बघून यादीत कुणी तिच्या नावापाशी थांबत नाही. पण जे घेता येत होतं ते तिने सगळं घेतलं, जे नियमाने घेऊ दिलं नाही त्यातही ती जगात पहिली होती, आणि जी दोन ऑलिम्पिकं झालीच नाहीत ती तिच्या बाविसाव्या आणि सव्विसाव्या वर्षी होती. मला तरी याहून मोठं काही दिसत नाही. १९९९ मध्ये जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने तिला शतकातली सर्वश्रेष्ठ महिला ॲथलीट म्हणून निवडलं. हे भाषणात सांगायला हरकत नाही, पण मी तिला मानते ते त्या निवडीमुळे नव्हे.

माझं मन इथे गुंतलेलं आहे आणि ते तुला कळावं असं मला वाटतं. शाळेच्या मैदानावर मी मुलींना हर्डल्स शिकवायचे. दोन हर्डलच्या मधे तीन पावलं पडली पाहिजेत, ही लय बसायला मुलींना महिने लागतात. कुणाची चार पावलं पडतात, कुणी मधेच छोटं पाऊल टाकून घोटाळा करतं. माझ्याकडे एक मुलगी होती, तिला ही लय शिकवावीच लागली नाही. पहिल्या दिवसापासून तीन पावलं, आणि हर्डलवरून जाताना डोकं वरखाली होत नसे. दहावी झाली आणि घरच्यांनी मैदान बंद केलं. मी घरी जाऊन बसले, विनवण्या केल्या. वडील चहा देऊन आदराने ‘नाही’ म्हणाले. तिच्या नावावर जिल्ह्याचं एक प्रमाणपत्र आहे, बास. ती किती पुढे गेली असती हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून केवळ हातात आलेल्या पदकांवरून कुणी ‘सर्वश्रेष्ठ’ ठरवायला बसलं की मला राहवत नाही.

तुझ्या जोडीदाराला दुसऱ्या भाषणासाठी एमिल झाटोपेक दे. कारकिर्दीची बेरीज न करता एकाच ऑलिम्पिकचा आठवडा घेतला तर त्याच्या तोडीचं काही सापडणं कठीण. हेलसिंकी, १९५२. चेकोस्लोव्हाकियाच्या या सैनिकाने १०,००० मीटर जिंकली, चार दिवसांनी ५,००० जिंकली, आणि त्यानंतर तीन दिवसांनी मॅरेथॉनमध्ये उतरला. आयुष्यात तो आधी कधीही मॅरेथॉन धावला नव्हता. तीही जिंकला, दोन मिनिटांहून जास्त फरकाने. या तिन्ही शर्यती एकाच ऑलिम्पिकमध्ये जिंकणारा दुसरा धावपटू आजवर झालेला नाही. ज्या दिवशी त्याने ५,००० जिंकली त्याच दिवशी त्याची बायको डाना हिने भालाफेकीत सुवर्ण जिंकलं. पुढे १९६८ मध्ये ‘प्राग वसंत’ या त्याच्या देशातल्या सुधारणांच्या चळवळीच्या बाजूने तो बोलला आणि त्याची किंमत त्याने भोगली. हा शेवटचा भाग श्रेष्ठत्वाच्या मुद्द्यात मिसळू नका. त्याच्याबद्दलचा आदर त्याने वाढतो, पण प्रश्न ऑलिम्पिकपटू म्हणून काय केलं एवढाच आहे.

त्याच हेलसिंकीत, झाटोपेकच्या ५,००० च्या आदल्या दिवशी, २३ जुलैला आपल्या खाशाबा जाधवांनी कांस्य घेतलं. कुणीतरी तुला सुचवेल की खाशाबांनाच सर्वश्रेष्ठ म्हण, टाळ्या पडतील. पडतीलही. तरी तसं करू नकोस. खाशाबांना त्या विशेषणाची गरज नाही आणि तुझा युक्तिवाद त्याने लंगडा होईल. त्यांची गोष्ट वापर ती बंद दारांच्या मुद्द्यासाठी. १९४८ ला लंडनला गेले तेव्हा लाल मातीत घडलेला हा मल्ल मॅटला सरावलेला नव्हता, तरी सहावा आला. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ज्या मल्लाचा खर्च सरकार उचलतं आणि ज्याच्यासाठी प्राचार्याला घर गहाण टाकावं लागतं, त्या दोघांची पदकं यादीत एकाच रकान्यात पडतात.

जाता जाता एक गोष्ट, भाषणात आली तर उत्तम. डेक्कन जिमखान्याच्या ज्या परिसरात तू रोज पोहतेस तिथूनच भारताचं ऑलिम्पिक सुरू झालं म्हटलं तरी चालेल. १९१९ मध्ये जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून आले, अनवाणी पळणारी गावाकडची मुलं त्यांनी पाहिली, आणि पुढच्या वर्षी अँटवर्पच्या ऑलिम्पिकला भारताचा छोटा संघ गेला. त्यात फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. फिनलंडचा धावपटू पावो नुर्मी याचंही ते पहिलंच ऑलिम्पिक. नुर्मीने ते धरून तीन ऑलिम्पिकमध्ये मिळून नऊ सुवर्णं मिळवली, आणि १९३२ मध्ये त्याला हौशी नव्हे, व्यावसायिक ठरवून उतरूच दिलं नाही. हेही एक दार.

आकड्यांची मात्र कसून तपासणी कर. बोल्टची नऊ सुवर्णं असं अजूनही लोक बोलतात. बीजिंगच्या रिलेतल्या त्याच्या सहकाऱ्याच्या उत्तेजक चाचणीमुळे २०१७ मध्ये ते सुवर्ण गेलं, आता आठ आहेत. बोल्टचा त्यात काही दोष नव्हता. अमेरिकेचा ॲथलीट जिम थॉर्प याची १९१२ ची दोन सुवर्णं पुढच्याच वर्षी काढून घेतली होती, ती १९८२ मध्ये अर्धवट परत मिळाली आणि तो एकटा विजेता आहे हे २०२२ मध्ये मान्य झालं. सोव्हिएत जिम्नॅस्ट लारिसा लाटिनिनाची अठरा पदकं फेल्प्सने मागे टाकली ती २०१२ मध्ये लंडनला, बीजिंगला नव्हे. एक आकडा चुकला की समोरचा वक्ता तोच धरून बसतो आणि मग मूळ मुद्द्याकडे कुणी वळत नाही.

गोष्टींचंही तसंच. जेसी ओवेन्सचा विषय निघाला की प्रत्येक जण हिटलरवर घसरतो. ओवेन्सने स्वतः नंतर सांगितलं आहे की हिटलरपेक्षा त्याला आपल्याच देशाचं वागणं लागलं, राष्ट्राध्यक्षाने अभिनंदनाची साधी तारसुद्धा पाठवली नाही. ओवेन्सची थोरवी सांगायची तर बर्लिनच्या आदल्या वर्षीचा २५ मे १९३५ चा दिवस सांग. पाऊण तासात तीन विश्वविक्रम आणि चौथ्याशी बरोबरी. त्यातली ८.१३ मीटरची लांब उडी पंचवीस वर्षं कुणाला मोडता आली नाही. आणि तो धावला तो कोळशाच्या राखेच्या ट्रॅकवर, पायासाठी खुरप्याने स्वतः खड्डा खणून. आजच्या वेळा आणि तेव्हाच्या वेळा शेजारी ठेवणाऱ्याला एवढं सांगितलं तरी पुरे.

उत्तेजकांचा विषय कुणी काढला तर तिकडे ओढली जाऊ नकोस. पुराव्याने सिद्ध झालं ते झालं, बाकी कुजबुज व्यासपीठावर आणायची नाही. समोरच्याने आणली तर नम्रपणे पुरावा माग आणि आपल्या मुद्द्यावर परत ये.

आणि गद्दारीचं म्हणशील तर, बाळ, ज्याच्यावर आपला जीव आहे त्याला दुसऱ्या थोरांच्या शेजारी उभं करून बघणं यात त्याचा कसला अपमान? फेल्प्सच्या फोटोशेजारी फॅनीचा फोटो लाव. दोघांनाही जागा आहे त्या दारावर.

मसुदा लिहून झाला की रविवारी सकाळी टँकवरून थेट माझ्याकडे ये, जोडीदारालाही आण. आधी पोहे खा, मग घड्याळ लावून उभं राहायचं. मी अनुकूल बाजूने बोलणार आहे आणि तुला सोडणार नाही. पहिला प्रश्न आत्ताच सांगून ठेवते: १९४८ मध्ये जर्मनी आणि जपानला बोलावलं नव्हतं, सोव्हिएत संघ आला नव्हता, मग फॅनी नक्की कुणाला हरवून जिंकली? प्रश्न रास्त आहे, टाळू नकोस. तिचा ६.२५ मीटरचा लांब उडीचा विक्रम १९५४ पर्यंत टिकला, तेव्हा सोव्हिएत मुलीही मैदानात आल्या होत्या. तिथून सुरुवात कर.

तुझ्या
बाई